तुरीचा मर रोग आणि प्रतिकारक वाणांची निपज : किल्लारी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

किल्लारी हे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील गाव होय. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. त्यानंतर १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे या गावाचे नाव सर्वत्र माहीत झाले. तथापि शेतीच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता या परिसराची ओळख त्याहून जुनी आहे. पावसाच्या भरवशावर पिकणाऱ्या या काळ्या जमिनीत तूर हे पिढ्यानपिढ्यांचे पीक आहे, आणि ती ज्या लातूरच्या बाजारात उतरते तो बाजार डाळीच्या गिरण्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे.

या पिकाचा सर्वांत जुना व चिवट शत्रू म्हणजे मर रोग. तो मुळांतून शिरतो, जमिनीत राहतो आणि फवारणीने आटोक्यात येत नाही. यास्तव त्याच्यावरील खरा उपाय बियाण्यातच शोधावा लागला. हा शोध कसा झाला, त्यात प्रयोगक्षेत्राचा वाटा किती व शेतकऱ्याच्या बियाण्याचा किती, आणि जो उपाय हाती आला त्याची मर्यादा कोणती, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. रोगाची ओळख

पीक फुलोऱ्यावर किंवा शेंगांवर असताना हा रोग विशेषेकरून नजरेस येतो. जमिनीत ओल असूनही झाड उन्हाने सुकल्यासारखे दिसू लागते. पाने पिवळी पडून माना टाकतात. पुष्कळदा झाडाची एकच बाजू प्रथम वाळते आणि बुंध्यापासून वर चढत गेलेला तपकिरी-जांभळा पट्टा दिसतो. खोड उभे चिरले असता आतील जलवाहिन्या काळसर झालेल्या आढळतात. मुळांतून वर जाणारे पाणी अडल्यामुळे झाड उभ्या उभ्या वाळते.

नुकसानीचे प्रमाण रोग कोणत्या अवस्थेत आला यावर अवलंबून असते. शेंगा धरण्यापूर्वी झाड मेले तर त्या झाडाचे उत्पन्न पूर्णपणे बुडते. शेंगा पक्व होण्याच्या सुमारास मेले तर सुमारे दोन-तृतीयांश, आणि काढणीच्या तोंडावर मेले तर सुमारे एक-तृतीयांश घट येते. दुष्काळात सगळेच शेत करपते, आणि ती आपत्ती गावकऱ्यांना एकत्र सोसावी लागते. मर रोगाची रीत निराळी आहे. तो एका शेतात ठिगळाठिगळांनी पसरतो आणि बांधापलीकडचे शेत हिरवे ठेवतो. त्यामुळे त्याचा दोष दीर्घकाळ जमिनीला, वापशाला किंवा नशिबाला दिला गेला.

या रोगाचे कारण शास्त्रीय रीतीने निश्चित करण्याचे श्रेय एडविन जॉन बटलर यांना जाते. बिहारमधील पुसा येथील शासकीय कृषिसंशोधन संस्थेत ते कवकशास्त्रज्ञ होते. १९०६ साली त्यांनी तुरीच्या मर रोगावर पहिला लेख लिहिला आणि १९१० साली सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. त्या काळी अमेरिकेतील अर्विन स्मिथ यांच्या अभ्यासामुळे कापूस, कलिंगड व चवळी यांच्या मर रोगांचे कारण म्हणून निओकॉस्मोस्पोरा ही बुरशी मानली जात असे. तुरीच्या मेलेल्या मुळांवरही ती सापडे. परंतु ती केवळ मृत ऊतींवर जगणारी असून खरी रोगकारक बुरशी वेगळीच आहे, हे बटलर यांनी प्रयोगांनी दाखविले आणि तिला फ्युझेरियम उडम हे नाव दिले.

या निर्णयाचे महत्त्व केवळ नामकरणापुरते नव्हते. रोग जमिनीतील एका विशिष्ट बुरशीने होतो आणि ती मेलेल्या झाडाच्या धसकटांवर टिकून राहते हे ठरल्यावर उपायांची दिशाही ठरली. पुढील संशोधनानुसार ही बुरशी धसकटांवर अडीच ते तीन वर्षे जिवंत राहू शकते. म्हणजे ज्या शेतात तूर एकदा मेली, तेथे पुढल्या वर्षी पुन्हा तूर घेणे हे रोगाला आमंत्रणच ठरते.

३. रोगट भूमीची कसोटी

रोगप्रतिकारक वाण मिळविण्याची जी पद्धत तुरीसाठी वापरली गेली, तिची बीजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पडली होती. नॉर्थ डाकोटा येथे हेन्री बॉली यांनी १८९४ पासून एकाच भूखंडावर दरवर्षी जवस पेरले. तेथील माती मर रोगाने इतकी भरली की सामान्य वाण त्यात तग धरीना. त्या मातीत जी थोडी झाडे वाचली, त्यांच्या बियांतून त्यांनी प्रतिकारक जवस मिळविले. दक्षिण कॅरोलिनात विल्यम ऑर्टन यांनी कापसाबाबत याच मार्गाचा अवलंब केला. या पद्धतीत निवड करणारा मुख्यत्वे रोगच असतो. संशोधकाने वाचलेली झाडे ओळखावयाची, त्यांचे बी वेगळे राखावयाचे आणि पुढील वर्षी त्याच कसोटीवर पुन्हा उतरवावयाचे.

पुसा येथे तुरीबाबत हेच कार्य डब्ल्यू. मॅक्रे आणि एफ. जे. एफ. शॉ यांनी पुढे नेले. खतांचा मर रोगावर होणारा परिणाम तपासताना त्यांच्या असे ध्यानात आले की, सुपरफॉस्फेटमुळे रोग वाढतो आणि हिरवळीच्या खताने तो कमी होतो. त्याच मालिकेतील, १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात रोगट जमिनीतून निवडलेल्या प्रतिकारक प्रकारांचे वर्णन आहे. शॉ यांनी १९३६ साली या गुणाच्या आनुवंशिकतेवरही लेखन केले.

मधल्या काळात, १५ जानेवारी १९३४ रोजी, बिहारमध्ये मोठा भूकंप होऊन पुसा येथील संस्थेची इमारत उद्ध्वस्त झाली. १९३६ साली संस्था दिल्लीस हलविण्यात आली. मात्र पुसा हे नाव तिला कायम चिकटले. इमारत पडली तरी निवडलेल्या प्रकारांचा वंश खंडित झाला नाही. दिल्ली येथे संकर व निवड यांचे कार्य चालू राहून एनपी (डब्ल्यूआर) १५ यासारखे प्रतिकारक वाण तयार झाले, आणि १९६३ साली आर. बी. देशपांडे, एल. एम. जेसवानी व ए. बी. जोशी यांनी या कार्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

प्रतिकारक्षमता पिढ्यांतून कशी उतरते याबद्दल मात्र एकमत झाले नाही. बी. पी. पाल यांना १९३४ साली ती अनेक घटकांवर अवलंबून असल्याचे दिसले. शॉ यांनी दोन परस्परपूरक जनुकांचे अनुमान काढले. पुढे परभणी येथील पवार व मायी यांना १९८६ साली एकच प्रभावी जनुक पुरेसे असल्याचे आढळले. या मतभेदांचे कारण केवळ निरीक्षणातील त्रुटी हे नसावे. प्रत्येकाचे वाण निराळे होते, माती निराळी होती आणि त्या मातीतील बुरशीचा प्रकारही एक नव्हता. एका ठिकाणी टिकलेला वाण दुसऱ्या ठिकाणी मरतो, हा अनुभव पुढे वारंवार आला. त्याचे मूळ येथेच आहे.

४. मराठवाड्याचे क्षेत्र

निजामी राजवटीत मराठवाड्यातील कृषिसंशोधन प्रामुख्याने कापूस व ज्वारी यांभोवती फिरत होते. तूर हे मुख्य पीक म्हणून क्वचितच मानले जाई. ज्वारीच्या काही तासांमागे तुरीचा एक तास अशी तिची पेरणी असे. ज्वारी निघाल्यावर मागे राहिलेली तूर हिवाळ्याच्या ओलीवर पिके. तिची डाळ घरात लागे, तुराट्या कुडाला व चुलीला उपयोगी पडत, आणि गळलेल्या पाल्याने जमिनीचा कस सुधारे. दुय्यम पीक म्हणून तिच्याकडे स्वतंत्र लक्ष उशिरा गेले.

परभणी येथे १९५६ साली कृषि महाविद्यालय आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली या विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाच्या जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राकडे तुरीचे कार्य एकवटले. तेथील बीडीएन १ आणि बीडीएन २ हे आरंभीचे वाण परदेशी आणलेल्या सामग्रीतून निघालेले नाहीत. परभणी जिल्ह्यातील बोरी भागाच्या स्थानिक तुरीतून केलेल्या निवडीतून ते आले. शेतकऱ्याच्या घरातील मिश्र बियाण्यातच पुष्कळ गुण विखुरलेले होते; केंद्राने ते वेगळे काढले.

१९७२ सालीच हैदराबादजवळ पाटणचेरू येथे आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्था, म्हणजेच इक्रिसॅट, स्थापन झाली. य. ल. नेने, एम. व्ही. रेड्डी, जे. कन्नय्यन आदींनी तेथे बॉलीच्या भूखंडाचेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर अमलात आणले. मर रोगाने मेलेल्या तुरीची खोडे बारीक करून मातीत मिसळावयाची, बळी पडणारा वाण दर हंगामात पेरून रोग पोसावयाचा, आणि मग देशभरातून गोळा केलेली हजारो बियाणी त्या मातीत तपासावयाची, अशी ही पद्धत होती. १९७५ ते १९८० या काळात याच संशोधकांनी केलेल्या पाहणीत राजस्थानात मर रोगाचे प्रमाण नगण्य, तर महाराष्ट्रात सरासरी २२ टक्क्यांहून अधिक आढळले. तुरीच्या शेतातील दर पाच झाडांमागे एक झाड रोगाला बळी पडत होते, असा याचा अर्थ होतो.

या रोगट भूखंडावर टिकलेल्या बियाण्यांत पी-१५-३-३ हे महाराष्ट्रातून आलेले स्थानिक बियाणे होते. त्यातील एकेका झाडाची निवड करीत आयसीपी ८८६३ हा वाण तयार झाला आणि १९८६ च्या सुमारास ‘मारुती’ या नावाने कर्नाटकात प्रसारित झाला. गुलबर्गा भागात मर रोगाने त्या वेळी पिकाचा धीर खचविला होता. १९९२-९३ पर्यंत उत्तर कर्नाटकातील तुरीच्या अर्ध्याहून अधिक क्षेत्रावर हा वाण पसरल्याचे पुढील अर्थशास्त्रीय पाहणीत दिसून आले. किल्लारीहून कर्नाटकाची सीमा दूर नाही. गुलबर्गा, बीदर, औसा व निलंगा ही सगळी एकाच काळ्या पठाराची शेती आहे, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ती एकाच हैदराबाद राज्यात होती. राज्याची सीमा बदलली तरी माती व तीतील बुरशी यांना ती सीमा नव्हती.

येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या बियाण्यातून निघालेला गुण पाटणचेरूच्या मातीत पारखला गेला आणि कर्नाटकाच्या नावाने प्रसिद्ध झाला. प्रतिकारक्षमता संशोधकाने निर्माण केली नाही; ती शेतात होतीच. रोगाच्या दीर्घ सहवासात मरणाऱ्या झाडांतून वाचलेल्या झाडांचे बी शेतकरी नकळत जपत आला होता. प्रयोगक्षेत्राने त्या नकळत झालेल्या निवडीला नियम, मोजमाप व वेग दिला.

५. दोन रोगांची गाठ

मारुतीच्या यशातच त्याची उणीव दडलेली होती. तो मर रोगास टिकत असे, परंतु वांझ रोगास बळी पडे. वांझ रोगात झाड मरत नाही. ते फिकट, झुडपासारखे वाढते आणि त्याला फुलेच येत नाहीत. हा रोग अतिसूक्ष्म कोळी झाडाझाडांवर वाहून नेतो हे माहीत होते. परंतु त्यामागील विषाणूची ओळख २००० सालाच्या सुमारास पटली. एक रोग टाळण्यासाठी निवडलेले बियाणे दुसऱ्या रोगाच्या तोंडी जाते, तेव्हा दोन्ही गुण एकाच झाडात आणणे हाच मार्ग उरतो.

त्या दिशेने दोन प्रयत्न यशस्वी झाले. इक्रिसॅटमध्ये सी ११ या वाणाचा आधार घेऊन झालेल्या संकरातून आयसीपीएल ८७११९ तयार झाला. १९९३ साली मध्य व दक्षिण भारतासाठी तो ‘आशा’ या नावाने प्रसारित झाला. बदनापूर येथे त्याच दशकात बीएसएमआर ७३६ हा लाल दाण्याचा वाण आणि नंतर बीएसएमआर ८५३ हा पांढऱ्या दाण्याचा वाण तयार झाला. हे दोन्ही वाण मर व वांझ या दोन्ही रोगांस प्रतिकारक आहेत. ८५३ च्या वंशावळीत बीडीएन १ व बीडीएन २ हे दोन्ही येतात. अर्थात बोरीच्या स्थानिक तुरीचा अंश त्यात पुन्हा आला आहे. दाण्याचा रंग हा रोगाशी संबंध नसलेला गुण आहे. तथापि लातूरच्या बाजारात लाल व पांढरी तूर वेगवेगळी ओळखली जाते. त्यामुळे वाण शेतात टिकणे जितके आवश्यक, तितकेच ते अडत्याच्या दुकानात टिकणेही आवश्यक ठरते.

६. किल्लारी, १९९३

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी परिसरात ६.२ प्रतीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसांत खरिपाची तूर शेतात उभी होती. मध्यम मुदतीच्या वाणांना फुले येण्यास अद्याप अवकाश होता. पीक उभे राहिले, परंतु ते काढणारी घरे राहिली नाहीत.

शेतीच्या इतिहासाच्या दृष्टीने या घटनेत आणखी एक हानी आहे, आणि तिची नोंद क्वचितच होते. मराठवाड्यातील जुन्या घरांत धान्य व बी साठविण्याच्या जागा घराच्या बांधणीतच असत. भिंतीला लागून बळद असे आणि जमिनीत पेव. पुढील वर्षाचे बी तेथेच राखले जाई. असे घर पडते तेव्हा त्या कुटुंबाचा निवडलेला बीजवंशही ढिगाऱ्याखाली जातो. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. भूकंपास टिकणारी घरे हे त्या योजनेचे उद्दिष्ट होते व ते योग्यच होते. परंतु पेव व बळद हे त्या घरांचे अंग नव्हते. बियाण्यासाठी बाहेरच्या पुरवठ्यावर विसंबणे महाराष्ट्रभर वाढतच होते. या गावांत मात्र जुनी साठवण एका पहाटेत नाहीशी झाली.

पुसा येथील १९३४ चा भूकंप व किल्लारीचा १९९३ चा भूकंप यांची तुलना येथेच उपयोगी पडते. पुसा येथे इमारत गेली, परंतु वंशावळ, नोंदी व बी अन्यत्र नेऊन कार्य चालू राहिले. शेतकऱ्याच्या घरातील बियाण्याला नोंद नसते आणि त्याची दुसरी प्रतही नसते. संस्थेचे सामर्थ्य या दुसऱ्या प्रतीत आहे. पी-१५-३-३ सारखे बियाणे एकदा संग्रहात गेले म्हणूनच ते पुढे परत देता आले. जे गेले नाही ते गेलेच.

७. पीकपद्धतीतील बदल

प्रतिकारक वाण हाती आल्यावर प्रश्न सुटला, असे मानणे मात्र घाईचे होईल. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण तुरीच्या फुलात आहे. हरभऱ्यासारखी ती बहुतांशी स्वपरागित नाही. मधमाश्यांमुळे तिच्यात परपरागण होते आणि त्याचे प्रमाण ठिकाणपरत्वे पुष्कळ बदलते. प्रतिकारक वाणाशेजारी दुसरी तूर असेल तर घरी राखलेल्या बियांत काही पिढ्यांतच भेसळ होते आणि प्रतिकारक्षमता पातळ होते. यास्तव शुद्ध बियाण्याचे पुनर्नवीकरण ही या वाणांची अटच आहे.

दुसरे कारण बुरशीत आहे. तिचे अनेक प्रकार निरनिराळ्या भागांत आढळले आहेत. एकच वाण मोठ्या प्रदेशावर वर्षानुवर्षे पेरला गेला, तर निवडीचा न्याय उलट दिशेने लागू पडतो. आता त्या वाणावर मात करणारी बुरशी निवडली जाते.

तिसरे कारण पीकपद्धतीत आहे, आणि किल्लारी परिसरासाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे. ज्वारीत तूर घेतली असता मर रोग कमी राहतो, ही गोष्ट इक्रिसॅटच्या संशोधकांनी प्रयोगांनी सिद्ध करून १९८५ साली प्रसिद्ध केली. एक वर्ष तुरीऐवजी ज्वारी घेतल्यासही रोग मोठ्या प्रमाणात घटतो, असे त्यांना आढळले. म्हणजे जुन्या मराठवाड्यातील ज्वारी-तुरीची जोडी ही केवळ अन्नधान्याची सोय नव्हती, तर रोगावरील एक अघोषित उपायही होती. त्या पद्धतीत अर्धवट प्रतिकारक असलेले स्थानिक वाणही निभावून जात. नव्वदच्या दशकापासून लातूर जिल्ह्यात सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले आणि खरीप ज्वारी मागे हटली. आता तुरीचे तास प्रामुख्याने सोयाबीनमध्ये पडतात. त्यात बाजारभावाचे व रोखीचे गणित आहे आणि ते शेतकऱ्यास दोष देण्याजोगे नाही. परंतु ज्वारीकडून तुरीला जे संरक्षण मिळत असे ते गेले, आणि रोगाशी लढण्याचा सगळा भार एकट्या वाणावर आला.

८. समारोप

तुरीच्या मर रोगाविरुद्धच्या प्रयत्नांना आता शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या इतिहासात शेतकऱ्याचे बियाणे आणि प्रयोगक्षेत्र हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून दिसत नाहीत. एकाकडे विविधता व दीर्घ सहवास आहे. दुसऱ्याकडे कसोटी, नोंद व जतन आहे. पी-१५-३-३ पासून मारुतीपर्यंत आणि बोरीच्या तुरीपासून बीएसएमआर ८५३ पर्यंतचा मार्ग या दोहोंच्या सहकार्याने घडला. बदनापूरच्या केंद्राने पुढे बीडीएन ७११ सारखे लवकर येणारे वाणही दिले आहेत, आणि अनिश्चित पावसाच्या या भागात त्यांचे महत्त्व वाढत आहे.

तथापि वाण ही एकदाच मिळवून पेटीत ठेवावयाची वस्तू नव्हे. बी दर काही वर्षांनी शुद्ध करावे लागते, मातीतील बुरशीवर लक्ष ठेवावे लागते, आणि धसकटांनी भरलेल्या शेतास तृणधान्याची विश्रांती द्यावी लागते. यांपैकी पहिली दोन कामे संस्थांची आहेत. तिसरे काम किल्लारीचा शेतकरी ज्वारीच्या रूपाने कोणत्याही संस्थेच्या सांगण्यावाचून करीत आला होता. ते काम त्याच्या हातून का सुटले आणि कोणत्या भावाने ते त्यास पुन्हा परवडेल, हा प्रश्न वनस्पतिरोगशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. आणि पुढील अभ्यासकांनी तो दोन्ही शास्त्रांच्या सीमेवर उभे राहून सोडविणे अगत्याचे आहे.